बाकावरचा माळी

उदगीरहून देवणीकडं जाताना पोलीस ठाणं असलेलं एक गाव लागतं. ठाण्याच्या कंपाउंडला पाठ लावून गुरुबसप्पांची चहाची टपरी आहे. तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू ठाण्याची भिंत. ती भिंत कायद्यानं सरकारची आणि वहिवाटीनं गुरुबसप्पांची. तिच्यात खिळे ठोकून त्यांनी कपबशांची जाळी टांगली होती आणि आजवर कुठल्याही साहेबानं त्याबद्दल विचारलं नव्हतं. न विचारण्याला कारण होतं. गुरुबसप्पा पंच होते.

पंच म्हणजे गावकीतले नव्हेत. पोलिसांनी कुठं काही जप्त केलं, कुठं मयत सापडलं, कुठं घर फुटलं की पंचनामा होतो. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं, असं सांगणाऱ्या दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसांच्या त्यावर सह्या लागतात. प्रतिष्ठित माणसं अशा वेळी नेमकी घरी नसतात. त्रयस्थ माणसं शेताकडं गेलेली असतात. गुरुबसप्पा मात्र कायम टपरीवर, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. सटवाजी जमादार कागद घेऊन यायचे, चहा सांगायचे, आणि चहाला उकळी फुटेस्तोवर सही झालेली असायची. पुढं केस निघाली की कोर्टात जाऊन, हे माझ्यासमोर झालं, सही माझी, एवढं सांगायचं. प्रत्यक्ष जाऊन पाहावं असं गुरुबसप्पांना कधी सुचलं नाही, कारण कुणी तसं बोलावलं नाही. अशा रीतीनं स्टोव्हसमोरून न उठता त्यांनी विहिरीतली प्रेतं पाहिली, उसातल्या हातभट्ट्या पाहिल्या, फुटलेली दुकानं पाहिली. एका जागी बसून इतकं पाहिलेला माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

यात त्यांना गैर वाटत नसे. जमादार खोटं कशाला लिहील? आणि सही नाही म्हटलं तर कंपाउंडच्या भिंतीतले खिळे कुणाला तरी दिसले असते.

मग कायदा बदलला. पंचनाम्याचं मोबाइलवर शूटिंग करायचा नियम आला. आता पंच चित्रात दिसावा लागतो, म्हणजे जावं लागतं. गुरुबसप्पांची पंचगिरी त्या दिवशी संपली. गुडघे दुखतात, असं त्यांनी जमादारांना सांगितलं, आणि ते खरंही होतं.

त्याच सुमारास त्यांची थोरली मुलगी शिल्पा घरी राहायला आली. पुण्यातल्या एका कंपनीत तिला काम होतं आणि ते घरून करता येई. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. गेममधली माणसं जे मराठी बोलतात ते धड आहे का, आणि खेळणारा कुठं अडतो, हे तपासायचं शिल्पाचं काम. आईला, म्हणजे चांगुणाबाईंना, हे समजावून सांगताना तिचा आठवडा गेला.

"म्हणजी लोकं खेळत्यात आन् तू बघतीस?"

"हाव."

"आन् त्याचा पगार देत्यात?"

"हाव, अव्वा."

"तुझ्या बापानं न बघता सह्या केल्या, तू नुस्तं बघून पगार घेतीस," चांगुणाबाई म्हणाल्या. "बरंच सुधारलं घर."

नवा गेम गुप्तहेरीचा होता, आणि भुताखेतांचाही. धुक्यातलं डोंगरावरचं एक गाव, तिथं विराज नावाचा तपास अधिकारी. त्याच्याकडं एक कंदील. कंदील वर धरला की त्या जागी मेलेली माणसं दिसतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतात. कंपनीला हवा होता आयुष्यात कधी गेम न खेळलेला माणूस. पुण्यात असा सापडेना. शिल्पाला लांब जावं लागलं नाही.

गुरुबसप्पांची टपरी दुपारी एक ते चार थंड असे. उन्हात चहा कोण पितो? त्या वेळात ते घरी येऊन भाकरी खात आणि पंख्याखाली आडवे होत. शिल्पानं त्यांना उठवून बसवलं, हातात कंट्रोलर दिला.

"अप्पा, ह्या डाव्या अंगठ्यानं चालायचं. उजव्यानं बघायचं."

"बघायला डोळे हायत की."

"तुमचे न्हाई, त्याचे."

पहिला दिवस भिंतीत गेला. विराजसाहेब भिंतीकडं तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखे, तासभर उभे. गुरुबसप्पा त्यांना वळवण्यासाठी स्वतः मान वळवत होते.

"अंगावर कोट किती घातलाय ह्यानं," ते म्हणाले. "आपल्याकडं असला कोट घालून कुणी हिंडलं तर आधी त्यालाच आत घेतील."

चालण्याबद्दलही त्यांची तक्रार होती. "लई हळू चालून राहिला. तपासाला निघाला का वरातीत?" शिल्पानं हे पुण्याला जसंच्या तसं कळवलं. पुण्याचं म्हणणं, संथ चालीमुळं वातावरण तयार होतं. गुरुबसप्पांचं म्हणणं, वातावरण तयार होईस्तोवर आरोपी हैदराबादला पोचतो.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत पोचले. प्रकरण पहिलं. एका बंगल्याच्या मालकीणबाई विहिरीत सापडलेल्या. विहिरीच्या काठाला तुळशीराम माळ्याची कुदळ. टेबलावर हाताखालच्या हवालदारानं तयार ठेवलेला अहवाल: माळ्यानं ढकललं. बाजूला कंदील. अहवालाच्या तळाशी एक जागा होती आणि तिथं लिहिलं होतं, सही करा.

गेम तपासणाऱ्या पुण्याच्या झाडून सगळ्या पोरांनी इथं कंदील उचलला होता. कंदील उचलायचा, बंगल्यावर जायचं, विहिरीत उजेड पाडायचा, बाईंना विचारायचं. गेम तोच तर आहे.

गुरुबसप्पांनी सही केली.

पडदा काळा झाला. एक घंटा वाजली. अक्षरं आली: तुळशीरामला फाशी झाली. प्रकरण पहिलं समाप्त.

"झालं?" गुरुबसप्पा खुशीत म्हणाले. "सोपा हाय की."

असंही करता येतं, हे शिल्पाला माहीत नव्हतं.

प्रकरण दुसरं सुरू झालं. तीच कचेरी, तेच धुकं. पण दाराजवळच्या बाकावर आता एक माणूस बसला होता. हाताला कोपरापर्यंत माती. मान जरा वाकडी.

"ह्यो कोण?"

शिल्पानं पुण्याला फोन लावला. गेमची गोष्ट लिहिणारी मुलगी मूळची नांदेडची, कहकशां नावाची. फोनवरून तिचा आवाज घरभर ऐकू आला. "या अल्ला! कुणीतरी गेलं तिकडं! शिल्पा, ती वाट मी लिहिली तेव्हा सगळे हसले होते. म्हणले, पहिल्याच मिनिटाला न बघता सही कोण करणारे? कोण गेलं? कोण आहे हा माणूस?"

शिल्पानं वडिलांकडं पाहिलं. ते पंख्याच्या वाऱ्यात बाकावरच्या माणसाकडं बघत होते.

"आमचे अप्पा," ती म्हणाली. "चहाची टपरी हाय."

"त्यांना काय वाटलं?"

"सोपा हाय म्हणले."

त्या दुपारी गुरुबसप्पांनी कंदील उचलायचा कसा ते शिकून घेतलं, आणि पहिला प्रकाश बाकावर टाकला. माळ्यानं मान उचलली.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही विहिरीवर आला होता का?"

खाली दोन उत्तरं आली. हो. नाही.

गुरुबसप्पांनी हो दाबलं. माळ्यानं मान खाली घातली.

"अप्पा, हो कामून म्हणलाव?" शिल्पानं विचारलं.

"सही केलीय नव्हं? मग हो म्हणावं लागतं. साक्षीदारानं जबाब फिरवू नये." हे वाक्य सटवाजी जमादारांचं होतं.

"मागं जाऊन नीट खेळू दे मला," गुरुबसप्पा दोन दिवसांनी म्हणाले. "पहिलं प्रकरण पुन्हा."

"तसं होत न्हाई अप्पा. ह्यात मागं जाता येत न्हाई. जे झालं ते झालं."

"असला कसला खेळ?"

"खरं सांगू का, त्याच्यासाठीच लोकं घेतील हा."

त्यानंतर गुरुबसप्पा बदलले. गेमपुरते. एकेका खोलीत अर्धी दुपार काढू लागले. उंबरा बघ, चुलीतली राख बघ, खुंटीवरचा सदरा बघ. कचेरीच्या भिंतीवर सापडलेल्या गोष्टी दोरीनं एकमेकींना जोडायच्या असत. तो भाग त्यांना मनापासून आवडला. दोरी चुकीची बांधली तर सुटून पडायची, आणि का पडली ते गेम सांगत नसे. "हे ब्येस हाय," ते म्हणत. "सांगत न्हाई, पण बांधूही देत न्हाई." मेलेली माणसं मात्र त्यांना खटकली. गाव डोंगरातलं, भुतं तऱ्हेतऱ्हेची, आणि सगळी एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलणारी. शिल्पानं तेही पुण्याला कळवलं. मधूनमधून दुष्ट आत्मे अंगावर येत आणि त्यांना कंदिलानं हाणावं लागे. त्याला गुरुबसप्पांचा ठाम विरोध होता.

"तपासात मारहाण कामून?"

"मधी जरा गंमत म्हणून, अप्पा."

"ठाण्याच्या भिंतीला लागून जल्म गेला. गंमत म्हणून लई ऐकली. हितं तरी नको."

तेवढ्यापुरतं ते कंट्रोलर शिल्पाकडं देत आणि दुसरीकडं बघत.

दर प्रकरणाच्या सुरुवातीला माळी बाकावर असायचाच. त्याला घालवायचं म्हणून गुरुबसप्पांनी पुढची प्रकरणं इतकी चोख सोडवली की कहकशां फोनवरून वाहवा करू लागली. माळी हलला नाही. कंदील धरला की तोच प्रश्न. यांचं उत्तर तेच, हो. एरवी भूत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं अमावास्येची रात्र येते. गुरुबसप्पांना भर दुपारी, भाकरी खाऊन झाल्यावर, रोज ठरल्या वेळी दिसत होतं.

अशात एका सकाळी सटवाजी जमादार टपरीवर आले आणि चहाच्या आधी त्यांनी समन्स काढलं.

"अप्पा, सोमवारी कोर्ट. दस्तगीरची केस निघाली. शूटिंगच्या आधीचं हाय हे, जुन्यातलं शेवटचं. नेहमीचंच बोलायचं. मला बोलावलं, माझ्यासमोर मोटार जप्त केली, सही माझी. बास."

दस्तगीर मोटार वाइंडिंगवाला. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की नवीन तार भरून देणारा. त्याच्या दुकानात चोरीची मोटार सापडली होती. आतल्या खोलीत, बारदान्याखाली लपवलेली, असं पंचनाम्यात होतं. दस्तगीरचं म्हणणं, मोटार दारातल्या फळीवर होती, एक अनोळखी माणूस भरायला टाकून गेला होता. लपवायची असती तर मी ती उघडून दारात कशाला ठेवीन? जामीन झाला होता, पण गिऱ्हाईक तुटलं. आपली मोटार चोरीच्या मोटारीशेजारी ठेवायला कुणाला आवडत नाही. चांदबी, त्याची बायको, आता लोकांचे शालू फॉल-पिकोला घेत होती.

पंचनाम्यावर दोन सह्या होत्या. एक भागवत कटिंग-दाढीवाल्याची. तो मागच्या वर्षी वारला. त्याची साक्ष काढायची तर कोर्टाला विराजसाहेबांचा कंदील लागला असता. दुसरी सही गुरुबसप्पांची. म्हणजे मोटार फळीवर होती का बारदान्याखाली, हे सांगणारा, पोलीस सोडले तर, सरकारतर्फे एकच माणूस उरला होता, आणि तो तिथं गेला नव्हता.

दस्तगीर रोज टपरीवर चहा प्यायला येई. कागदांची नक्कल त्याच्या वकिलानं त्याला दाखवलेली होती. सही कुणाची ते त्याला माहीत होतं. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. टपरीचा पंखा घरघरू लागला तेव्हा त्यानंच तो उतरवून नेला, दुरुस्त करून आणून लावला, आणि चहा पिऊन गेला.

त्या रात्री जेवताना गुरुबसप्पांनी विषय काढला.

चांगुणाबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली. "खरं बोललाव तर भिंत जाईल."

"हाव."

"खोटं बोललाव तर दस्तगीर."

"हाव."

"जमादार काय म्हणतोय?"

"नेहमीचंच म्हणतोय."

"होगली बिडु, जाऊ दे म्हणले असते," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण हे जाणार न्हाई. तुमी झोपंत ते हो-हो म्हणायलाव आठ दिस झाले. मला वाटलं कुणी बाई विचारतीय."

सोमवारी गुरुबसप्पा धुतलेलं धोतर नेसून कोर्टात गेले. पिंजऱ्याजवळ दस्तगीर उभा होता. रोज टपरीवर उभा राही तसाच, एका पायावर भार देऊन. गुरुबसप्पांनी शपथ घेतली. सरकारी वकील तरुण होते आणि त्यांच्यापुढं त्या दिवशी बऱ्याच फायली होत्या.

"पोलिसांनी तुम्हाला आरोपीच्या दुकानात बोलावलं. तुम्ही गेलात. तुमच्यासमोर मोटार जप्त झाली. बरोबर?"

इतकी वर्षं याचं उत्तर एकच होतं. ते ओठापर्यंत आलंही.

"सही माझी हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "मी गेलो नव्हतो."

आता काहीतरी होईल म्हणून त्यांनी डोळे मिटले. छप्पर कोसळेल, साहेब ओरडतील, कुणीतरी खांद्याला धरेल. काही झालं नाही. टायपिस्ट म्हणाला, "जरा सावकाश, काका." गुरुबसप्पांनी तेच सावकाश सांगितलं.

सरकारी वकिलांनी, चष्मा पुसावा इतक्या सवयीनं, साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासाची परवानगी मागितली.

"आरोपी तुमच्याच गावचा?"

"हाव."

"तुमच्याकडं चहा प्यायला येतो?"

"रोज."

"त्याला वाचवण्यासाठी तुम्ही आज खोटं सांगताय."

"न्हाई. खोटं त्या दिशी लिवलं."

"मग सही का केली?"

गुरुबसप्पांनी विचार केला. भिंत, खिळे, जाळी, सगळं सांगावं लागलं असतं. "चहाला उकळी येऊन राहिली होती," ते म्हणाले. "करा म्हणले, केली."

न्यायाधीश बाईंनी प्रथमच मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग कागदावर लिहून घेतलं गेलं ते असं: पंच फितूर. पैसे घेऊन उलटलेल्या पंचाबद्दल जे लिहितात तेच, त्याच अक्षरांत. आयुष्यात त्यांनी कोर्टात पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि त्याची नोंद खोट्याच्या रकान्यात झाली. शिपायानं पुढच्या केसचं नाव पुकारलं.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. संशयाचा फायदा देऊन दस्तगीर सुटला. गावानं ताबडतोब आपला निकाल दिला: अप्पांनी काहीतरी घेतलं असणार. ठाण्याचा चहा आता बसस्टँडवरून जाऊ लागला. एका सकाळी अतिक्रमणाची नोटीस घेऊन ग्रामपंचायतीचा माणूस आणि सटवाजी जमादार टपरीसमोर उभे राहिले. कपबशांची जाळी जमादारांनी स्वतः खिळ्यावरून उतरवली, एकही कप फुटू न देता, आणि गुरुबसप्पांच्या हातात दिली.

"अप्पा, तुमी मला आधी सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमी मला ऐकवलं असतं, जमादार. मग मी ऐकलं असतं."

जमादारांना हे पटलं असावं. जाताना त्यांनी सवयीनं चहा मागितला, मग स्टोव्ह विझलेला पाहून तसेच गेले.

टपरी दस्तगीरच्या दुकानाच्या ओट्यावर आली. तिथं भिंत दस्तगीरची आहे आणि खिळेही त्यानंच ठोकले. पहिल्या दिवशी चांदबीनं ओटा सारवून दिला.

"अप्पा," दस्तगीर चहा फुंकत म्हणाला, "लोकं म्हणून राहिले, मी तुम्हाला ती मोटार दिली म्हणून."

"दिलीस का?"

"माझ्याकडं हाय कुठं? ती अजून ठाण्यात हाय."

एवढंच त्या दोघांचं त्या विषयावर बोलणं झालं.

त्या दुपारी गुरुबसप्पांनी गेम लावला. शेवटचं प्रकरण. धुकं, कचेरी, बाक, माळी. त्यांनी कंदील उचलला.

"साहेब, तुम्ही विहिरीवर आला होता का?"

त्यांनी नाही दाबलं.

"मला वाटलंच," माळी म्हणाला. मग तो बाकावर जरा सरकला. गेला नाही, उजेड झाला नाही, संगीत वाजलं नाही. नुसती शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

शिल्पा मागं उभी होती. "अप्पा, पुण्यात भांडण चालू हाय," ती थोड्या वेळानं म्हणाली. "अर्धे म्हणतात, खरं बोलल्यावर माळ्याला मुक्ती द्यावी. खेळणाऱ्याला बरं वाटंल. कहकशां न्हाई म्हणतीय. तुमाला विचारायला सांगितलंय."

"मला?"

"तिकडं गेलेले तुमीच एकटे हाव."

गुरुबसप्पांनी कंट्रोलर खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे त्याला. सही केलीय, तर बसू दे समोर." मग म्हणाले, "पण इतक्या दिवसांत त्याला कुणी चहा विचारला न्हाई. ती सोय करता आली तर बघा म्हणावं."

गेम दिवाळीच्या तोंडावर बाजारात आला. परीक्षणं बरी आली. चाल फार संथ, मारामारी सुमार, तपासाचा भाग अव्वल, आणि भुतांपैकी एक उदगीरकडचं बोलतं, असं बहुतेकांनी लिहिलं. एकानं मात्र एक दोष काढला. पहिल्याच प्रकरणात न पाहता सही केली तर पुढं बाकावरच्या माळ्यापुढं चहाचा ग्लास ठेवता येतो. त्यानं लिहिलं होतं: हे बऱ्याच वेळा करून पाहिलं. त्याचा खेळात काहीही उपयोग होत नाही.

शिल्पानं ते वडिलांना वाचून दाखवलं. गुरुबसप्पा तेव्हा ओट्यावर दस्तगीरसाठी कपात चहा गाळत होते.

"पितो का पण?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"माळी."

"हाव," शिल्पा म्हणाली. "पितो."